मिटलेली सात फळं

माझा नवरा बर्टी म्हणतो, आयसीला, म्हणजे मला, काळजी करायला कारण लागत नाही, उजाडलं तरी पुरतं. पण त्या रविवारी कारण होतं, आणि ते त्यानेच पिशवीत घालून आणलं होतं.

आमची नोव्हलेट समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या आवरते. अकरा वर्षं झाली. सप्टेंबरात परदेशी पाहुणे रोडावतात, खोल्या रिकाम्या पडतात, तेव्हा जुन्या नोकरांच्या आईबापांना तिथे दोन रात्री फुकट राहू देतात. मनगटाला निळा पट्टा बांधला की खाणं, पिणं, खुर्ची, छत्री, सगळं त्यातच. पट्टा झिजेल म्हणून मी तो हात पाण्यात घालत नव्हते, यावरून बर्टीने मला दोन दिवस छळलं.

नोव्हलेटने आधीच बजावलं होतं. "ममा, पाहुण्यांसमोर मला हाका मारायच्या नाहीत. मी तुला मॅडम म्हणेन, तेव्हा हसायचं नाही. आणि घरून खायचं काही आणायचं नाही, तिथे ते चालत नाही. सोमवारी मला मजल्याची मुख्य करणार आहेत. दोन दिवस नीट वागा, एवढंच मागते."

"तुझ्या बापाला सांग."

"तूच सांग. माझं ते ऐकतात कुठे?"

मी सांगितलं. बर्टी हो म्हणाला, आणि शनिवारी पहाटे उठून त्याने अंगणातल्या अकीच्या झाडाला आकडी लावली. अकरा फळं काढून पिशवीत भरली; आम्ही ती भाजीसारखी शिजवून खातो. मी विचारलं, हे काय. तर म्हणतो, "लोकांकडे राहायला चाललोय. दोन लांबडे हात घेऊन जाऊ?"

आमच्याकडे काही न आणता येणाऱ्या पाहुण्याला असंच म्हणतात, दोन लांबडे हात घेऊन आला. बर्टीला उभ्या जन्मात हे कुणी म्हटलेलं नाही. तो दवाखान्यात गेला तरी नर्सबाईला केळी नेतो.

"हॉटेल आहे ते. कुणाचं घर नाही."

"तिथेही कुणीतरी चूल पेटवतच असेल. त्याला देईन."

चूल पेटवणाऱ्याने घेतली नाहीत. "काका, तुमच्या अकीपायी माझी नोकरी जायची," असं म्हणून त्याने हात मागे घेतले. मला वाटलं, बरं झालं, मिटलं. पिशवी आमच्या गॅलरीत पडून राहिली आणि मी ती विसरले. माझी चूक असेल तर ती हीच.

आमच्या शेजारी, दोनशे चौदामध्ये, कॅनडाचं एक वयस्क जोडपं होतं. ग्लेन आणि डोरीन. ग्लेन तळ्यात मासे धरायचा आणि बर्टी चाळीस वर्षं समुद्रात धरत आलाय, शिवाय दोघांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत त्यांचं मेतकूट जमलं. डोरीनला आमच्याकडचं सगळं चाखायचं असायचं. ताटात पडेल त्याचं नाव विचारायची, वहीत लिहायची, मग खायची. मला ती आवडली होती.

रविवारी सकाळी चहाचा पेला घेऊन मी गॅलरीत आले. पिशवी रिकामी होती. तिच्याशेजारी कठड्यावर चार अकी मांडून ठेवल्या होत्या, चारही उमललेल्या, आतल्या काळ्या बिया चमकत होत्या.

"बर्टी, बाकीची कुठं गेली?"

"शेजाऱ्यांना दिली, काल संध्याकाळी. इथून हात लांबवून. खूश झाली दोघं." तो दाढी करत होता.

"उघडलेली तर इथेच आहेत."

"मग? ताजी दिली, चांगली लालभडक, मिटलेली. फुटलेलं फळ देतं का कुणी पाहुण्याला?"

मी पेला कठड्यावर ठेवला. "मिटलेली खायची नसते, हे सांगितलंस त्यांना?"

"ते काय सांगायचं? शेंबडं पोरही..." वस्तरा गालावरच थांबला. आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं, हे खरं. अकी आपली आपण उघडावी लागते. हसली, म्हणतो आम्ही. हसायच्या आधी सुरीने चिरून शिजवली तर ते जेवण नसतं, विष असतं. पण हे कुणी कुणाला मुद्दाम सांगत नाही, विस्तवात हात घालू नये हे जसं सांगत नाहीत.

"त्यांना माहीत असेल," बर्टी म्हणाला.

"कुठून? कॅनडात अकीची झाडं आहेत?"

माझी मावसबहीण पर्ल अशीच गेली. मी नऊ वर्षांची होते, ती सात. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तिने कच्ची अकी खाल्ली. दोनदा उलटी झाली, मग म्हणाली झोप येते, आणि मावशीने तिला झोपू दिलं. ती उठली नाही. तेव्हापासून उलटीनंतर कुणी झोपलेलं मला बघवत नाही, स्वतःची मुलंही मी हलवून हलवून जागी केलीत.

दोनशे चौदाच्या दाराला 'त्रास देऊ नका'ची पाटी लटकत होती. मी टकटक केलं, थांबले, पुन्हा केलं. आत चकार शब्द नाही. बर्टीने आमच्या गॅलरीतून वाकून पाहिलं, तर पडदे ओढलेले.

"समुद्रावर गेले असतील. डोरीन सातलाच बदामाखाली टॉवेल टाकते," तो म्हणाला. त्याच्या एका गालाला अजून साबण होता.

आम्ही गेलो. बदामाखालची खुर्ची रिकामी होती. न्याहारीच्या दालनात पाहिलं, तिथेही नाहीत. गरम पोळे भाजणाऱ्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला आज आलेच नाहीत, एरवी म्हातारा दारं उघडायच्या आधी हजर असतो. मग दारूच्या टेबलामागचा माणूस आपणहून बोलला, "दोनशे चौदा ना? काल जेवणानंतर सुरी मागून नेली त्यांनी. अजून परत नाही केली."

"कशाला नेली?" मी विचारलं.

"मी कशाला विचारू? इथे पाहुण्याने कुऱ्हाड मागितली तरी द्यायची."

बर्टीने खांबाला हात टेकला. "आयसी," तो म्हणाला, "ती शिजवावी लागते. त्यांच्या खोलीत चूल नाही."

"कच्ची खाल्ली तर बरी असते का?"

त्याने गालावरचा साबण बाहीला पुसला. इतका घाबरलेला तो मला वादळात होडी उलटली होती तेव्हाही दिसला नव्हता.

आता सांगायला हवंच होतं, पण कुणाला? हॉटेलच्या साहेबांना सांगायचं तर पहिला प्रश्न येणार, फळं आणली कुणी. दुसरा, हे कुणाचे आईबाप. आम्ही जिना चढत होतो आणि मी हिशोब मांडत होते, खोटं कशाला सांगू. एकीकडे परक्या दोघांचे जीव, दुसरीकडे माझ्या पोरीची अकरा वर्षं. जिन्याच्या तीन पायऱ्यांपुरतं का होईना, माझ्या मनाने पोरीला झुकतं माप दिलं. मग मला पर्लचे पाय आठवले, चादरीबाहेर राहिलेले, आणि मी पळायला लागले.

नोव्हलेट तिसऱ्या मजल्यावर चादरींच्या गाडीजवळ होती. मला बघून सरळ उभी राहिली. "गुड मॉर्निंग मॅडम. काही हवंय का?"

"नोव्हलेट, तुझ्या बापाने शेजारच्यांना मिटलेली अकी दिली. दार उघडत नाहीत ते."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे धापा टाकणाऱ्या बापाकडे. "किती?"

"सात," बर्टी म्हणाला.

ती तडक भिंतीवरच्या फोनकडे गेली. मला तिचीच बाजू ऐकू येत होती. "हो, पाटी लावलेली आहे... नाही, पाहुणे आजारी असतील असं वाटतं... अकी, सर. बाहेरची... माझे वडील." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून म्हणाली, "पहारेकरी येतोय. वीस मिनिटं. तोवर दाराला हात लावायचा नाही म्हणालेत."

"वीस मिनिटांत पर्ल गेली होती," मी म्हटलं. हे खरं नव्हतं, तिला रात्रभर लागली होती. पण मी तसंच म्हटलं.

नोव्हलेट भराभर जिना उतरली. दोनशे चौदापाशी तिने तीनदा ठोठावलं, तीनदा आपलं नाव सांगितलं. मग गळ्यातलं कार्ड हातात घेतलं. पाटी असताना पाहुण्याचं दार एकटीने उघडलं तर काय होतं ते तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने कार्ड लावलं.

आत अंधार होता आणि थंडी मासळी ठेवायच्या कोठीसारखी. पलंगावर दोन आकार होते, हलत नव्हते. डोरीनचा एक पाय चादरीबाहेर आला होता. नोव्हलेट दिवा शोधत होती, पण मला धीर धरवला नाही. मी पुढे होऊन तो पाय धरला.

पाय उबदार होता. आणि डोरीन अशी किंचाळली की ग्लेन पलंगाच्या पलीकडे खाली पडला.

दिवा लागला. दोघांच्याही कानांत बोळे होते, झोपेत समुद्राचा आवाज नको म्हणून. रात्री उशिरापर्यंत नाचले होते, रम झाली होती, आणि सुरी होती ती लिंबं कापायला. सुरी तिथेच टेबलावर होती, शेजारी लिंबाच्या फोडी वाळत पडलेल्या. मी खाली बसले आणि देवाचं नाव घेतलं. ग्लेन उघड्या अंगाने जमिनीवरून विचारत होता, काय झालं, आग लागली का.

"फळं खाल्लीत का?" नोव्हलेटने विचारलं. "सर, ती लाल फळं."

डोरीनने चादर गळ्यापर्यंत ओढली. तिने ग्लेनकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या बर्टीकडे, आणि तिचा चेहरा लाल झाला. "हॉटेलवाले म्हणतात, बाहेरचं खाऊ नका," ती म्हणाली. "आम्ही ती... तिकडे आहेत."

ती कचऱ्याच्या टोपलीत होती, काल रात्रीच्या कागदी पेल्यांखाली. बर्टीने वाकून एकेक बाहेर काढलं. गुडघ्यांमुळे त्याला वेळ लागला. त्या फेकून देण्यानेच दोघांचे जीव वाचले होते, तरी मला त्या बाईचा राग आला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं.

"बरं केलंत," बर्टी तिला म्हणाला. "अगदी बरं केलंत." त्याने फळं मोजली. पुन्हा मोजली. "सहाच आहेत."

नोव्हलेट गर्रकन वळली. "सातवं कुठंय, सर?"

ग्लेन आता टॉवेल गुंडाळून उभा होता. शाळेत पकडलं गेल्यासारखं त्याने खिडकीकडे बोट केलं. पडद्यामागे, चूळ भरायच्या पेल्यात, एक अकी ठेवलेली होती. "ते मी टाकू दिलं नाही," तो म्हणाला. "बर्टने स्वतःच्या हाताने दिलं होतं. म्हटलं, नाश्त्याला चिरून बघू."

नोव्हलेटने पडदा सरकवला. फळ मिटलेलंच होतं, एका बाजूला नुसती केसाएवढी चीर पडली होती. बर्टीने पेला उचलून छातीशी धरला. मग भिंतीला पाठ टेकून हळूहळू खाली सरकला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

पहारेकरी आला तेव्हा आम्ही सगळे अजून तिथेच होतो. ग्लेन आणि डोरीनने त्याला शंभरदा सांगितलं, आमची तक्रार नाही, या पोरीने जीव वाचवला. त्याने ते लिहून घेतलं. पण कोणतं कार्ड कधी लागलं हे कुलपातच नोंदलं जातं, आणि तेही त्याने लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर नोव्हलेट आम्हाला मॅडम आणि सर म्हणाली नाही. तिचा आवाज चढलाही नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "पप्पा, आयुष्यात एकदा तरी मोकळ्या हातांनी यायला काय जातं तुमचं?"

 बर्टीच्या दोन्ही हातांत फळं होती.

सोमवारी मजल्याची मुख्य दुसरीच कुणी झाली. नोव्हलेटची जुनी जागा राहिली, ग्लेनने चार पानी पत्र लिहिलं म्हणून असेल. तिने हे फोनवर सांगितलं, दोन वाक्यांत, आणि गाडी ढकलायला निघून गेली. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत सातही अकी एकापाठोपाठ उघडल्या. मी खाऱ्या माशाबरोबर परतल्या. बर्टी म्हणाला भूक नाही.

पुढच्या रविवारी चर्चहून आम्ही नोव्हलेटच्या घरी गेलो. सकाळी घरून निघताना मी पाहिलं, टेबलावर मी काढून ठेवलेला भोपळा बर्टीने तसाच राहू दिला होता. मी विचारलं नाही. वाटेत हात कुठे ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं, खिशात घाली, काढी, पाठीमागे धरी.

नोव्हलेटने दार उघडलं. सवयीने तिची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली. ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. सत्तर वर्षांत पहिल्यांदा बर्टराम कुणाच्या दारात तसा उभा होता.

"पप्पा," ती म्हणाली, "हे काय," आणि तिला रडू फुटलं. मग तिने ते दोन्ही हात धरून त्याला आत घेतलं.