ओळी नसलेला प्रसंग

हिमानीने कळ दाबली. पडद्याखालच्या काळ्या पट्टीवर पांढरी ओळ उमटली आणि पाठोपाठ पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं. खाली सगळं थिएटर एकदम हसलं.

“परफेक्ट,” शेजारून सत्यजित पुटपुटला.

तिने पडद्यावरची नजर काढली नाही. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, लहानशा टेबलावर लॅपटॉप ठेवून ती बसली होती. हा क्रोएशियन चित्रपट अमेरिकेत पहिल्यांदाच दाखवला जात होता. प्रिंट दुसऱ्या एका महोत्सवातून थेट मिनिआपोलिसला आली होती आणि तिच्यावर सबटायटल्स नव्हती. इंग्रजी ओळी वेगळ्या, या लॅपटॉपमध्ये. एकेक ओळ योग्य क्षणी पट्टीवर सोडायला माणूस लागतो, हे हिमानीला महिन्यापूर्वी माहीतही नव्हतं. विद्यापीठात महोत्सवाला स्वयंसेवक हवेत अशी सूचना लागली होती, तिने नाव दिलं, आणि सरावासाठी चित्रपटाची डीव्हीडी हातात आल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

क्रोएशियन तिला येत नव्हतं. ती रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. लॅबमध्ये द्रावण थंड होऊन स्फटिक धरायची वाट बघताना ती हेडफोन लावून हा चित्रपट ऐकायची. हळूहळू तो तिला गाण्यासारखा पाठ झाला, शब्द न कळता. मग तिला एक शोध लागला. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो. शब्द ऐकून कळ दाबली तर उशीर होतो. खांदे किंचित वर आले की दाबायची. ईडन प्रेरी उपनगरातून गाडी चालवत तिला घ्यायला आलेल्या मित्राला, सत्यजितला, तिने येताना वाटभर हेच समजावलं होतं. तो नागपूरचा, एका विमा कंपनीत प्रोग्रामर. “यार, तू पीएचडी यातच कर,” एवढंच तो म्हणाला होता. पण आता तोही पुढे वाकून नटांच्या खांद्यांकडे बघत होता.

आजची गोष्ट अवघड होती, कारण प्रेक्षक दोन प्रकारचे होते. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावांतून क्रोएशियन म्हाताऱ्या मंडळींची एक बस आली होती. ते कानांनी हसत. बाकीचे मिनिआपोलिसकर पट्टी वाचून हसत. ओळ जरा उशिरा गेली की हशाचे दोन तुकडे पडत.

चित्रपटाची दिग्दर्शक यास्ना सकाळी तिला भेटली होती. उंच, थकलेली बाई. हा तिचा पहिलाच चित्रपट. मागच्या एका महोत्सवात कुणीतरी सगळ्या ओळी एकेक घर पुढे सरकवल्या होत्या आणि लोक अंत्ययात्रेला खदखदून हसले होते. पुढच्या चित्रपटासाठी पैसे देऊ शकेल असा एक माणूस त्या दिवशी थिएटरात होता. तो मध्येच उठून गेला. आज इथे तसाच एक माणूस येणार होता. यास्नाने हे सगळं तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि स्वतः बाहेर लॉबीत जाऊन बसली. आपला चित्रपट तिला लोकांबरोबर बघवत नसे.

निम्मा चित्रपट निर्विघ्न पार पडला. बेटावरच्या घरात मुलगा परदेशी जायला निघाला. त्याने सूटकेस उघडली. आता सूटकेस बंद होणार, बोटीचा भोंगा वाजणार. हिमानीने भोंग्यानंतरची ओळ तयार ठेवली.

भोंगा वाजला नाही.

मुलाची आई आत आली. तिच्या हातात धुरी दिलेल्या मांसाचा भलामोठा तुकडा होता. तिने तो नवऱ्याच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला आणि सूटकेसमध्ये कोंबला. मुलाने बाहेर काढला. तिने परत कोंबला. दोघं बोलत होते. हे डीव्हीडीत नव्हतं. लॅपटॉपमध्येही नव्हतं.

“ओळ कुठंय?” सत्यजित कुजबुजला.

“नाहीये. हा सीनच नव्हता.”

“मग काहीतरी टाक ना. ती काय म्हणतेय ते दिसतंय की. माझी आई लोणच्याच्या बरणीवरून हेच करते.”

ते हिमानीलाही दिसत होतं. तिची बोटं आपोआप चालली. ‘राहू दे, तिथे मिळत नाही,’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिने लिहिली. नव्याण्णव टक्के बरोबर असणार. आता फक्त कळ दाबायची. आईने खांदे वर घेतले, श्वास घेतला.

हिमानीने हात उचलून मांडीवर ठेवला. न केलेलं निरीक्षण लॅबच्या वहीत लिहीत नाहीत.

पट्टी काळीच राहिली. आणि खाली काहीतरी सुरू झालं. बसमधून आलेले म्हातारे शेजारच्या अनोळखी माणसांकडे वाकले, कानात सांगू लागले. एका आजीबाईंनी तर मागे वळून पूर्ण रांगेला सांगितलं. आई एक वाक्य बोलली, ठसक्यात, सूटकेसवर गुडघा टेकून. पुढच्या रांगांतून हसू उठलं आणि कुजबुजीमागोमाग मागे मागे पसरत बाल्कनीपर्यंत आलं. सत्यजित हसला. हिमानीही हसली. कशाला, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

बाल्कनीचं दार धाडकन उघडलं. यास्ना धापा टाकत आत आली.

“काय दाखवलंस तू? या जागी कुणी हसायचं कारणच नाही.”

हिमानीने मागे न बघता तळहात वर केला. थांबा. भोंगा वाजला. तिने आपली ओळ हटवून भोंग्यानंतरची परत आणली, बोटीवरच्या खलाशाच्या खांद्यांची वाट पाहिली आणि कळ दाबली. ओळ चपखल बसली. यास्ना तिच्या पाठीशी शेवटपर्यंत उभी राहिली. अंत्ययात्रेला थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

दिवे लागले. खाली टाळ्या थांबत नव्हत्या.

“मी काहीच दाखवलं नाही,” हिमानी म्हणाली. “तो सीन माझ्याकडे नव्हता.” आणि तिने सूटकेसचा प्रसंग सांगितला.

यास्नाचा चेहरा बदलला. “जुनी प्रिंट आली आहे. तो प्रसंग मी नंतर कापला होता.” मग तिने विचारलं, “नेमके कुठे हसले?”

हिमानीला अर्थ सांगता येणार नव्हता. तिने डोळे मिटले आणि आईचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, ठसक्यासकट, मध्ये घेतलेल्या श्वासासकट.

यास्ना समोरच्या खुर्चीच्या हातावर बसली.

“ती म्हणते, तपासणी नाक्यावर अडवलं तर त्या माणसाला सांग, अर्धं तू ठेव.” ती हळू बोलत होती. “मी विनोद म्हणूनच लिहिलं होतं. पण घरी, झाग्रेबला, लोक नुसते गप्प बसले. युद्धात प्रत्येकाचा एकेक नाका होऊन गेलाय. कित्येकांची माणसं तिथून परत आलीच नाहीत. मला वाटलं, चुकलंच आपलं.”

“इथे त्यांना विमानतळावर सामान तपासणारा कस्टमवाला दिसला असेल,” सत्यजित म्हणाला.

यास्नाने मान डोलावली. खाली एक सूट घातलेला माणूस वर बघत तिला हाताने बोलावत होता. तिने त्याला हात केला, पण उठली नाही.

“पुन्हा म्हण,” ती हिमानीला म्हणाली.

हिमानीने पुन्हा म्हटलं. या वेळी अर्थ माहीत होता. सूर थोडा हलला, श्वास भलत्याच ठिकाणी पडला.

यास्नाने दुरुस्त केलं नाही.