देवाजीचा उसना दम

मित्रांनो, महाल नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत फळीवर काळी पेटी आहे. त्या पेटीत मी राहते. मी एक जुनी क्लॅरिनेट आहे. माझं लाकूड कोणत्या कारागिरानं कोरलं, ते मला ठाऊक नाही. सीताबर्डीच्या दुकानात देवाजीनं पहिली फुंकर घातली, तेव्हापासूनचं मात्र सगळं आठवतं.

देवाजी भैयाजींच्या बँडपथकात होता. वरातीत तो मला वाजवू लागला की पुढे नाचणारे थबकून मागे बघत. लोक माझी वाहवा करत, पण सूर त्याच्या छातीतून येई.

१९७८च्या उन्हाळ्यात तो सूर मध्येच तुटू लागला. त्याच्या श्वासाला कल्हईच्या नवसागरासारखा दर्प येऊ लागला. माझ्या भोकांवरची त्याची बोटं पांढरीफटक दिसत.

"रक्त कमी झालं गा तुझं," भैयाजी म्हणाले. देवाजीची बायको प्रयागबाई त्याला गूळ-शेंगदाणे, बीट, कलेजी खाऊ घालू लागली. लोहाचं टॉनिकही आणलं. दिवाळी आली तरी ओठ फिकेच राहिले. वर पायांवर सूज चढली.

शेवटी ती त्याला बँडच्या तालमीतूनच दवाखान्यात घेऊन गेली. मीही त्याच्या काखेत होते. लघवी, रक्त, सगळं तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधी चालू होत्या का?"

"होत्या. मंग सोडल्या. दुखत तर काहीच नव्हतं," देवाजी म्हणाला.

बाईंनी तपासणीचा कागद पुढे ठेवला. "त्या दाबानं मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत. नवं रक्त तयार करा, हा निरोप मूत्रपिंडंच शरीराला देतात. तो निरोपच थांबलाय, तिथे टॉनिक काय करणार? असे रोगी जगभर आहेत, आणि तो निरोप देणारं औषध अजून कुणाच्याच हातात नाही."

"माह्या पोरीचं लग्न आहे, बाई. तिच्या मांडवात मले वाजवाचं आहे."

"रक्त चढवू. काही आठवडे दम राहील. पुढचं मी सांगू शकत नाही."

भैयाजींनी आणि पथकातल्या ताशेवाल्यानं रक्त दिलं. लेक कौशल्याच्या लग्नात देवाजीच्या ओठांवर रंग होता. एकही सूर तुटला नाही. "देवाजी बरा झाला," लोक म्हणाले. प्रयागबाई तेवढी त्याच्या पायांकडे बघत राहिली. मला फुंकरीत तोच दर्प येत होता.

महिन्याभरात ओठ पुन्हा पांढरे पडले. पुन्हा रक्त चढवलं, पण या खेपेला ते लवकर ओसरलं. पावसाळ्याच्या तोंडावर देवाजी गेला.

पुढे त्याचा धाकटा भाऊ चंद्रभान मला मागायला आला. प्रयागबाईनं पेटीवर हात ठेवला. "आधी दवाखान्यात चाल गा. मंग हिले हात लाव." त्याचंही ब्लडप्रेशर चढलेलं निघालं. तेव्हापासून रोज सकाळी तो गोळी गिळेपर्यंत ती समोरून हलत नसे.

काल ती लेकीच्या गावी गेली. चंद्रभान पेटी उघडत बायकोला म्हणाला, "मले काहीच होऊन नाही राहिलं वं. रोज रोज गोळी काहून खाऊ?" गोळी कोनाड्यातच राहिली. मग त्यानं मला ओठांना लावलं, आणि त्याचा श्वास अगदी स्वच्छ होता. गोळ्या सोडल्या तेव्हा देवाजीचाही असाच होता.

मित्रांनो, दुसऱ्यानं फुंकल्याशिवाय मला आवाज नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरात कुणी 'काहीच होत नाही, मग गोळी कशाला' असं म्हणालं, तर गप्प बसू नका.