बहिणीच्या घरचा प्लग

झुलालभाऊची गाडी दिसली की लोक आधी हसायचे, मग विचारायचे, बाकीची अर्धी कुठंय. दोन दारं, पुढे दोन जण, मागे बाजाराच्या दोन पिशव्या. वीस वर्षांपूर्वीची बॅटरीवरची गाडी, जळगावच्या भंगारात पडलेली. झुलालभाऊ धरणगावचा मोटार रिवायंडिंगवाला. बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो तशी त्यानं हिचीही मोटार भरली, सीटखालच्या बॅटऱ्या बदलल्या. एका चार्जिंगला चाळीस किलोमीटर. एक्केचाळिसावं मागितलं की मेली.

हा सगळा खटाटोप बहिणीसाठी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे लेक माहेरी येते आणि भाऊ तिला घ्यायला मुऱ्हाळी जातो. कोकिळा धुळ्याला दिलेली. तिचा नवरा हितेंद्र तीन वर्षांपूर्वी म्हणाला, एवढ्या उन्हात मोटरसायकलवर बाई पाठवत नसतो, चारचाकी आणा. तेव्हापासून कोकिळाची एकही आखाजी माहेरी झाली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो पहाटेच निघाला. पारोळ्याला तोताराम नावाच्या मित्राकडे चार तास चार्जिंग केलं. पुढचा प्लग धुळ्यात ओळखीच्या रिवायंडिंगवाल्याकडे लावायचा होता. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी थकल्या बैलासारखी मान टाकायची आणि मागचे ट्रकवाले आयमाय काढायचे. पंखा लावला तर दोन किलोमीटर कमी, म्हणून तोही बंद. घामानं सीटला चिकटून झुलालभाऊ धुळ्यात पोचला, तर दुकानाचं शटर खाली. तो गडीही स्वतःच्या बहिणीला आणायला गेलेला. आखाजीच्या आदल्या दिवशी दुसरं काय होणार? एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं.

कोकिळाच्या दारात पोचला तेव्हा बॅटरीचा काटा लालवर होता. हितेंद्र गाडी बघून हसला, पण मनानं वाईट नव्हता. ओट्यावरची वायर त्यानं स्वतः ओढत आणली. झुलालभाऊनं ती हातात घेतली नाही. बाप गेल्यावर कोकिळाचं कन्यादान त्यानंच केलेलं, आणि त्या दिवसापासून तो त्या घरचं पाणीसुद्धा प्यायला नव्हता. पाण्याची बाटली आपली आपण घेऊन जायचा.

कोकिळा पिशवी भरून उभी होती. "भाऊ, पानी पेस नही ते जाऊ दे. लाईट काय पेनी पडस का?"

"ज्या घरमा पोर दिनी, त्या घरनं काहीच लेतस नही."

तीन किलोमीटरवर हायवेला हॉटेल आहे, तिथं लावू म्हणाला. कोकिळा मांडीवर पिशवी घेऊन बसली. गल्लीतली पोरं टाळ्या पिटत मागं धावली. दोन किलोमीटरवर गाडी हळू झाली, मग पायी चालणारा माणूस पुढे गेला, मग थांबलीच. आत भट्टी. कोकिळा म्हणाली, यांना दोर घेऊन बोलावते, घरी ओढून नेऊ, रात्रभर लावू, सकाळी निघू. झुलालभाऊनं नाही म्हणून मान हलवली. तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा मान हलवली, या वेळी तिच्याकडे न बघता.

ती खाली उतरली. "तीन साल वाट दखी मी. आते लेवाले येऊ नको, भाऊ."

रिक्षा आली, ती बसून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

झुलालभाऊ चालत जाऊन हॉटेलातल्या पोरांना घेऊन आला, त्यांनी गाडी ढकलत नेली. तिथं दोन चहाच्या बदल्यात प्लग मिळाला. दिवस मावळायला काटा हिरव्यावर आला. कोकिळाचं घर तीन किलोमीटर. पण ती घ्यायला येऊ नको म्हणाली होती. मग त्यानं वायर गुंडाळली आणि पारोळ्याचा रस्ता धरला.