दुसऱ्या कुंडीची छाटणी

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे, मित्रांनो. माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली, असं म्हणायची पद्धत आहे. पण मला हात नाहीत. दोन पाती, एक स्प्रिंग आणि लाल मुठी एवढाच माझा संसार. तेव्हा हात कुणाचा होता, ते सांगते.

माझा जन्म जर्मनीत झाला असं पात्यावर कोरलं आहे. मला मात्र बहरीनमधल्या सलमाबादच्या गोदामाआधीचं काही आठवत नाही. तिथून मला टेरेसाबाईंनी आणलं. बाई वसईच्या, मनामातल्या इस्पितळात नर्स. तिथल्याच माहूज भागातल्या एका इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहत आणि गच्चीत त्यांच्या दोन कुंड्या असत.

कुंड्यांत पानझडी हॉली नावाची झुडपं होती. एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी मायदेशी परतताना ती दिली होती. हे झुडूप डिसेंबरात सगळी पानं टाकतं आणि नुसत्या काड्यांवर लाल फळं मिरवतं. निदान पहिल्या कुंडीतलं मिरवायचं. दुसऱ्या कुंडीतलं पानं टाकून गप्प बसे. उन्हाळ्यात दोन्ही कुंड्या बाईंच्या हॉलमध्ये एसीत राहत. इमारतीचा वॉचमन जैनुद्दीन बाहेर राही.

हा जैनुद्दीन दापोलीकडचा, वाडीतला. अकरा वर्षांत त्याने बहरीनमध्ये लोकांच्या गाड्या धुतल्या, टाक्या भरल्या. मातीत काही लावलं नव्हतं. कुंड्यांना पाणी घालायचं काम त्याने मागून घेतलं होतं.

१९९४च्या फेब्रुवारीत बाई मुलीच्या लग्नासाठी दोन महिने वसईला निघाल्या. निघताना मला त्याच्या हातात देत म्हणाल्या, "जैनू, या वर्षाअखेर मी रिटायर होतेय. झाडं काय विमानात नेता येत नाहीत. नाताळात फळं धरली तर दोन्ही कुंड्या तुझ्या. नाय धरली तर सलमाबादच्या नर्सरीला देईन."

"धरतील बाय, इंशाल्ला. वाडीवाल्याचा पोर हाय मी."

"त्याचीच तर भीती वाटते. ऐक. पानं फुटायच्या आधी जुन्या, काळपट काड्या तेवढ्या मुळातून काढ. प्रत्येकीच्या तीन. बाकी हात लावायचा नाय. आणि कुंड्या शेजारी शेजारीच ठेव."

"का, गप्पा मारतात?"

"मारतात असं समज."

पहिल्या कुंडीच्या तीन काड्या आम्ही नीट काढल्या. दुसरीपाशी जैनुद्दीन थांबला. तळमजल्यावरच्या साहेबांचा ड्रायव्हर ताहिर कपडे वाळत घालायला वर आला होता. तो म्हणाला, "हे कवाच मेलंय."

जैनुद्दीनने सालीला नख लावलं. आत हिरवं होतं. "जिता हाय. पण चार वर्सं बघतो, एक फळ नाय. नर हाय, नर. पपईचा असता तर बापाने कवाच तोडला असता."

हे खरं होतं. कोकणात नर पपई उगवली की तोडतात. फळ नाही, मग खत आणि पाणी कशाला? तरी बाकीच्या झाडांना पपया लागतात, कारण एखादा नर शेजाऱ्याच्या आवारात राहिलेला असतो. त्याचे उपकार कुणी मानत नाही.

बारा काड्या होत्या. बाराही जमिनीलगत उतरवल्या. कापणं मी उत्तम केलं, एवढं सांगून ठेवते.

"आता सगळी ताकद हिला," जैनुद्दीन पहिल्या कुंडीकडे बघत म्हणाला.

एप्रिलच्या सुरुवातीला बाई परतल्या. पहिल्या कुंडीत पांढरी, बारीक फुलं आली होती. दुसरीत बुंधे होते. बाई पालथ्या बादलीवर बसल्या.

"जैनू, तुमच्या वाडीत पपई होती?"

"होती ना."

"आणि नर?"

"तोडायचो."

"मग पपया कशा धरायच्या?"

जैनुद्दीन बुंध्यांकडे वळला. मग हळूच म्हणाला, "शेजारी अन्सारचाच्यांच्यात होता एक."

"इथे शेजारी कोण आहे?"

दोघांनी गच्चीवर नजर फिरवली. पाण्याच्या चार टाक्या होत्या, एक डिश अँटेना होती, आणि ताहिरचे पायजमे.

फुलं गळून गेली. जैनुद्दीन मात्र रोज दोनदा वर येऊन बुंध्यांना पाणी घालू लागला. मे महिन्यात कोंब फुटले. त्याने ते मोजले, ताहिरला दाखवले. ताहिर म्हणाला, "आता शेजारच्या पोरीशी याचं लगीन ठरवणार काय?"

डिसेंबरात पानं झडली. लाल काही नव्हतं. जैनुद्दीनने दोन्ही कुंड्या बाहेरून पुसल्या, नर्सरीच्या गाडीसाठी दोरीने बांधल्या आणि बाईंचं दार वाजवलं.

"मफी, बाय," तो तिथल्या अरबीत म्हणाला, "एक पण नाय."

"दोरी सोड. कुंड्या तुझ्या."

"पण फळं..."

"आठ महिने बुंध्याला पाणी घातलंस. नर्सरीवाला घालणार नाय." मग त्यांनी हात पुढे केला. "कात्री माझी."

अशी मी वसईला आले. इथे मी पहिले काही महिने दुधाच्या पिशव्या कापल्या. पुढे पिशव्यांसाठी दुसरी कात्री आली, आणि मी मेणबत्त्यांच्या खणात गेले. माझी स्प्रिंग गंजली. कुणी विचारपूस केली नाही.

१९९६च्या जानेवारीत खण उघडला. बहरीनचं एक जाड पाकीट फोडायचं होतं. दोन हिसक्यांत फोडलं. आत एक काडी होती, तिच्यावर सात लाल फळं, थोडी सुरकुतलेली. चिठ्ठी बाईंनी मोठ्याने वाचली:

"बाय, सलाम. फांदी हाताने मोडली, कात्री अजून घेतली नाय. उन्हाळ्यात कुंड्या माझ्या खोलीत एसीसमोर असतात, मी दाराशी झोपतो. दोन्ही शेजारी शेजारीच ठेवल्यात. गप्पा मारतात."

बाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग मला पदराने पुसलं आणि खोबरेल लावलं.

तेव्हा मित्रांनो, काम झालं की आमची पाती पुसत जा आणि थेंबभर तेल लावत जा; एवढं आम्हाला पुरतं. आणि एखाद्याचा काही उपयोग नाही असं वाटून मला हातात घ्याल, तेव्हा आधी शेजारच्या कुंडीला विचारा. मला विचारू नका. मी फक्त कापते.