उगवतीला सात पावलं

मी एक जुनं दगडी उखळ आहे. मित्रांनो, लोक म्हणतात, अमक्याचं उखळ पांढरं झालं. माझं झालं ते ज्वारीच्या कोंड्यानं, आणि तेवढ्यावर मी खूश होतो.

औंढ्याच्या बाजारातून नेमसिंगनं मला बैलावर लादून तांड्यावर आणलं आणि झोपडीच्या दारात गळ्यापर्यंत पुरलं. त्याची बायको जिवनबाई तेव्हा नवी नवरी होती. कांडताना ती गाणी म्हणायची. तिची पहिली लेक, मिना, दोन वर्षांची होऊन तापानं गेली. नेमसिंगनं लेकराला जवळच माती दिली. माझ्यापासून उगवतीला सात पावलं, हे जिवनबाईनं मोजून ठेवलं.

पुढं पूर्णेवर धरण झालं. खोऱ्यातली माणसं काठावरच्या माळावर गेली. मी रुतलेला, मागंच राहिलो. मित्रांनो, पाणी वरून सपाट दिसतं, पण खाली ओढे, बांध, चुली तशाच असतात. दर पावसाळ्यात उतारांवरची माती वाहून येते आणि त्यांच्यावर बसते. मधलं पाणी कधी आटत नाही. आमचा तांडा होता उथळ कडेला. वैशाखात पाणी मागं सरकलं की मी उघडा पडायचो. लोक ओल्या गाळात टरबुजं लावायचे, मेंढरं उतरायची, आणि जिवनबाई यायची. माझ्यातला गाळ हातानं उपसायची, सात पावलं चालायची, गुळाचा खडा ठेवून बसायची. साठेक वर्षं ती आली. नेमसिंग गेल्यावर ती जागा तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक उरली नाही. घरच्यांना वाटायचं, म्हातारी उखळ पुजायला जाते.

गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी आला. तिचा धाकटा देविदास भला माणूस. त्यानं मला उपटून ट्रॅक्टरमध्ये घातलं आणि घराच्या दारात आणून ठेवलं.

"याडी, बघ, तुझं उखळ घरला आणलं," तो म्हणाला. तांड्यावर आईला याडीच म्हणतात. "आता लांब चालायची तकलीफ न्हाई."

तिनं माझ्यावर हात ठेवला.

"कुठून उचललं, ते दावशील का?"

"जागा कशी घावंल? पुरुषभर खोल खणलंय तिथं."

"अन् तिथली माती?"

"गेली कुणाकुणाच्या हळदीच्या वावरात. काहून विचारून राहिलीस?"

तिनं माझ्यातला उरलेला गाळ हातानं उपसला. मग म्हणाली, "उगंच. बरं केलंस लेकरा."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तिची खूण होतो मी, आणि माझ्या घरी येण्यानंच ती पुसली गेली. हे दुःख मला अजून सोसत नाही.

आता नातसून मला हळदकुंकू वाहते, पाहुण्यांना कौतुकानं दाखवते. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण जागची हलवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

जिवनबाई रोज सकाळी माझ्यापासून उगवतीला सात पावलं मोजते. तिथं सिमेंटचा रस्ता आहे. गुळाचा खडा हातातच धरून ती थोडा वेळ उभी राहते, आणि मागं फिरते.