बाबांच्या छातीशी

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी शुद्धीत नव्हते. तिचे पहिले दिवस कसे गेले ते मला सासूबाईंनी, नवऱ्यानं आणि नर्स संपदाताईंनी नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ज्यांनी ते दिवस खरे काढले, ते माझे सासरे त्याबद्दल आजही फारसं बोलत नाहीत. म्हणून मीच सांगते.

जबलपूरला सदर बाजाराच्या मागच्या बाजूला आमचं घर. सासरे, श्रीरंग गावंडे, संरक्षण खात्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना बाबा म्हणते. बोलणं मोजकं, आणि ऐन मे महिन्यातही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लहानपणी चुलीवरचं उकळतं पाणी अंगावर पडून त्यांची छाती भाजली होती. ते व्रण कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून ग्वारीघाटला नर्मदेत बुडी मारतानाही ते सदरा काढत नसत. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आमच्यात चहा, भाजी आणि लाइटबिल यापलीकडे बोलणं झालेलं मला आठवत नाही.

मला आठवा महिना लागला होता. एका सकाळी डोकं ठणकायला लागलं. चेहऱ्यावर, पायांवर सूज होतीच. सासूबाईंना वाटलं, पित्त झालं असेल. पण माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तसा माझा नवरा अंकुर मला गल्लीच्या टोकाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या सिस्टरनं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि लगेच झटके रोखायचं इंजेक्शन देऊन अँब्युलन्स बोलावली. तरी मोठ्या इस्पितळाच्या दारात मला झटका आलाच. त्या सिस्टरनं वेळ घालवला असता तर आम्ही दोघीही हाती लागलो नसतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही.

ऑपरेशन करून मुलगी काढली. जेमतेम सव्वा किलोची. तिला नवजात बाळांच्या कक्षात नेलं आणि मला आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर. दुधाचा प्रश्न इस्पितळातल्या मिल्क बँकेनं सोडवला, नळीवाटे थेंब थेंब जायला लागलं. पण दोनेक दिवसांत बाळ थोडं स्थिरावल्यावर संपदाताईंनी घरच्यांना बोलावलं. या बाळाला आता कोणाच्या तरी उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं, दिवसभर ठेवायला पाहिजे, असं त्यांनी समजावलं. त्यानं ऊब टिकते, श्वास नीट चालतो, वजन वाढतं. हे काम आईचं, पण आई बेशुद्ध.

सासूबाईंना खोकला होता, त्यांना आत येण्याची मनाई होती. अंकुर बसला, पण थोड्याच वेळात माझ्यासाठी रक्त आणायला त्याला उठावं लागलं. बाबा दाराशी उभे होते. मग संपदाताईंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, माझ्या छातीची चामडी जळालेली आहे. पोरीला चालन का?"

संपदाताईंनी त्यांना पडद्याआड नेलं, व्रण नीट बघितले आणि म्हणाल्या, "जुनं आहे, चांगलं भरलंय. तिला काही फरक पडत नाही काका. आंघोळ करून या."

त्या खोलीत सगळ्या बायाच. कुंडमच्या, बरगीच्या, अशा आसपासच्या गावांतून आलेल्या, आपापली बाळं छातीशी बांधून बसलेल्या. एक पुरुषमाणूस उघड्या अंगानं आत येतोय म्हटल्यावर कुणी पदर ओढला, कुणी पाठ फिरवली. बाबा मान खाली घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसले. टोपी-मोजे घातलेली ती एवढीशी पोर त्यांच्या छातीवर बेडकासारखी पालथी ठेवली, वरून कापड बांधलं. पहिल्या दिवशी ती निसटेल या भीतीनं ते स्वतः श्वाससुद्धा बेतानंच घेत होते. संध्याकाळी उठले तेव्हा पाय बधिर झालेले.

दुसऱ्या दिवशीपासून ते तिच्याशी बोलायला लागले. संपदाताईंना वाटलं, जप करत असतील. जवळ जाऊन ऐकलं तर ते बाळाला माझ्याबद्दल सांगत होते. तुझी मम्मी शाळेत शिकवते. स्कूटी लय जोरात चालवते. पोरांचे पेपर तपासताना एकटीच हसते. पोहे तिखट करते, पण मी कधी सांगितलं नाही. हे सगळं नंतर ऐकून मी किती रडले! त्या घरात माझ्याकडे कोणी इतकं बघत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आणि एका दुपारी त्यांच्या छातीवरची ती बारीकशी हालचाल थांबली. बाबांनी आरडाओरडा केला नाही. दाखवलं होतं तशी बाळाची पाठ चोळत त्यांनी सिस्टरला हाक मारली. पोरीचे ओठ निळे पडले होते. तिला लावलेलं मशीन वाजलं ते त्यानंतर. संपदाताई धावत आल्या, तळपायावर टिचक्या मारल्या, मान सरळ केली, आणि पोरीनं श्वास घेतला.

सगळं निवळल्यावर बाबांनी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"काका, मशीनच्या आधी तुम्हाला कळलं," त्या म्हणाल्या. "बसा, तिला खाली ठेवू नका."

कुंडमच्या एका बाईनं तेव्हा उठून त्यांना पाणी आणून दिलं. त्यानंतर त्या खोलीत त्यांच्याकडे कुणी पाठ केली नाही. ते भिंतीकडची खुर्ची वळवून सगळ्यांसारखे बसायला लागले.

मला जाग आली ती आठवड्यानं. घशातली नळी निघाली, आवाज फुटत नव्हता. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि संपदाताईंबरोबर बाबा माझ्या खाटेशी आले. शर्ट पुढून उघडा, आणि त्या सुरकुतलेल्या व्रणांवर गाल टेकून माझी मुलगी झोपलेली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं. बाबांनी नजर खाली वळवली.

"ही तुझी आहे बाई," ते म्हणाले. "मी फक्त सांभाळून राहिलो होतो."

माझ्या हातात उचलायचं बळ नव्हतं. त्या दोघांनी मिळून तिला माझ्या छातीवर ठेवलं. ती कुरकुरली, मग शांत झाली. बाबा जायला निघाले तेव्हा मी त्यांचं बोट धरून ठेवलं.

घरी आल्यावरही काही आठवडे आम्ही तिला तसंच बांधून ठेवत होतो, सकाळी मी, दुपारी बाबा. दोन किलोच्या पुढे गेल्यावर तिला कोणाच्याच छातीवर स्वस्थ पडून राहावेना.

परवा तिला तपासणीला नेलं. डोळे ठीक, कान ठीक, वजन छान. आम्ही निघत होतो तेवढ्यात संपदाताईंनी बाबांना थांबवलं. बरगीचा नथ्थू नावाचा एक मासेमार आत बसला होता. बायको आयसीयूत, मुलगा हाताच्या पंजाएवढा, आणि त्याला हात लावायला हा घाबरत होता. बाबांनी मुलीला माझ्याकडे दिलं, हात धुतले आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"डर मुझे भी लगा था भैया," ते म्हणाले. "आराम से पीछे टिको. मैं यहीं बैठा हूँ."

आम्ही बाहेर बाकावर त्यांची वाट पाहत बसलो. अंकुरनं दोनदा आत डोकावून पाहिलं. बाबा अजून बसलेलेच होते.