तपासणीपुरत्या बायका

सुपरवायझरने दातांनी प्लास्टिक फाडलं, आतला लाल चेंडू काढला आणि पोरीच्या हातात कोंबला.

"खेळ गं, खेळ. आणि मॅडमनी विचारलं, रोज येतेस का, तर काय म्हणायचं?"

"हो," पोर म्हणाली. चेंडू मिळाल्यावर ती कशालाही हो म्हणाली असती.

तिची आई दारात उभी राहून बघत होती. कारखान्यात तिला सगळे बटणवाली म्हणत. शर्टांना बटणं लावायचं मशीन तिचं. म्हणजे होतं, ती कामाला होती तेव्हा. हे पाळणाघर तेव्हा नव्हतं. आता भिंतीवर हत्ती होता, छोट्या पलंगांवर कोऱ्या चादरी होत्या. पोरं तेवढी नव्हती, म्हणून ती आज बाहेरून मागवली होती, त्यांच्या आयांसकट!

त्याचं असं झालं. सरकारने नियम केला, पन्नास बायका कामाला असतील तर पोरांसाठी पाळणाघर हवंच. बायकांचं भलं व्हावं म्हणून हो! मालकाने विचार केला आणि पाळणाघर चालवण्यापेक्षा बायका कमी करणं सोपं, असं ठरवून टाकलं. शेजारच्या कारखान्याने तेच केलं होतं, पलीकडच्यानेही. मग हाच एकटा शहाणपणा कशाला करेल? पहिली कुऱ्हाड बाळंतिणींवर पडली. बटणवाली रजेवरून परतली, तर तिला गेटवरूनच वाटेला लावलं. त्यानंतर कामासाठी तिने सगळा भाग पालथा घातला. जाईल तिथे तोच नियम आणि तेच उत्तर.

आता परदेशातलं गिऱ्हाईक अडून बसलं होतं. कारखान्यात बायका आणि पाळणाघर दिसल्याशिवाय ऑर्डर नाही. दिसायलाच हवं ना? मग दाखवू की! खोली रंगवली आणि काढून टाकलेल्या बायकांना निरोप गेले.

"साहेब, कामाचं नक्की ना?" बटणवालीने सुपरवायझरला विचारलं.

"आजचा दिवस निभावून ने. घेतोच तुला. शब्द दिला."

गिऱ्हाइकाकडून तपासणीस बाई आल्या. हत्ती बघून झाला, चादरी बघून झाल्या, मग त्या मशीनांच्या रांगेत शिरल्या आणि जुन्या मशीनवर आणून बसवलेल्या नेमक्या बटणवालीपाशी थांबल्या.

"मुलीला कुठे ठेवता?"

"इथंच. पाळणाघरात."

"रोज?"

"रोज."

"काही त्रास?"

सुपरवायझर मागे हात बांधून उभा होता. तिने मान खाली घातली. "नाही."

बाई जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, मग मालकाबरोबर वरच्या केबिनमध्ये चहाला गेल्या. आपण धडधडीत खोटं बोललो याची बटणवालीला लाज वाटली, पण कामासाठी तीही तिने गिळली.

केबिनचं दार लागलं तसा सुपरवायझर हलक्या आवाजात म्हणाला, "चला, उठा सगळ्या. पोरं घ्या आणि मागच्या गेटने निघा."

"आणि माझं काम?"

"कसलं काम?"

"शब्द दिला होता तुम्ही."

"अगं, तू आलीस की पन्नास होतात. मग ते पाळणाघर रोज चालवा, पोरं सांभाळायला बाई ठेवा. मालक मला उभा राहू देईल का? समजून घे जरा. पुढच्या तपासणीला बोलावतो की!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर झाली म्हणून काढलं, आणि आज तीच पोर दाखवून ऑर्डर मिळवणार! वर समजून घ्यायचं तेही हिनेच! तिने उचललेली पिशवी परत खाली ठेवली, स्टुलावर बसली आणि मशीन सुरू केलं.

"ऊठ! ऊठ म्हणतो ना!"

"मोठ्याने ओरडा ना, साहेब. वर ऐकू जाऊ दे."

त्याने घाबरून जिन्याकडे बघितलं. मागच्या गेटपाशी गेलेल्या बायका थबकल्या. त्यांतली एक परत फिरली आणि मुकाट्याने आपल्या जागेवर येऊन बसली. मग दुसरी आली.

वरचं दार उघडलं. पुढे तपासणीस बाई, मागे हसरा मालक. खाली आल्यावर मालकाचं हसू मावळलं.

बटणवाली उठून उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"साहेब, उद्या किती वाजता येऊ?"

सुपरवायझरने मालकाकडे बघितलं. मालकाने बाईंकडे. बाई जायच्या थांबल्या होत्या.

"किती वाजता म्हणजे काय," सुपरवायझर म्हणाला, "रोजच्याच वेळेला."

"पोरीला घेऊनच ना?"

"हो... घेऊनच."

तेवढ्यात मागच्या मशीनवरून कुणीतरी विचारलं,

"आणि मी, साहेब?"